अठ्ठावीस तुकड्यांचा बैल

सपाट वस्तूला स्वतःच्या बळावर उभे राहता येत नाही. एखादे पोस्टकार्ड टेबलावर उभे करून पाहावे. बोट काढून घेताच ते आडवे होते. पण दोन पोस्टकार्डे घ्यावीत, एकाला वरच्या कडेपासून निम्म्यापर्यंत आणि दुसऱ्याला खालच्या कडेपासून निम्म्यापर्यंत कात्रीने खाच पाडावी आणि ती एकमेकांत सरकवावीत. मग दोन्ही उभी राहतात. ना गोंद लागतो, ना खिळा. औषधाच्या बाटल्यांच्या खोक्यातले पुठ्ठ्याचे कप्पे याच युक्तीने उभे असतात. बालवाडीतल्या मुलांना शिकवला जाणारा पुठ्ठ्याचा घोडाही असाच: अंगाचा एक तुकडा आणि पुढच्या व मागच्या पायांचे दोन. तीन तुकड्यांत घोडा. तो घोडा आहे हे मुलाला सांगावे लागत नाही. आणि तरीही त्या घोड्याला पोट नसते, पाठीची रुंदी नसते, आत काहीच नसते.

तीनऐवजी तीस तुकडे घेतले तर त्या प्राण्याला पोट येईल काय, हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवस होता. धर्मगुरूच्या दिनक्रमात असल्या प्रश्नांना जागा नसते. मर्तिके, लग्नाच्या चिठ्ठ्या आणि गळणारे छप्पर यांतून उरलेल्या वेळात ते डोके वर काढतात, इतकेच. २०२३ साली मात्र त्याला निमित्त मिळाले. असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो येथे जिवंत बैल आणि गाढव उभे करून नाताळचा देखावा केला तो १२२३ साली. त्याला आठशे वर्षे पूर्ण होत होती आणि आमच्या धर्मग्रामातील तरुणांना यंदा गोठा मोठा करायचा होता. गोठ्यातल्या बैलाविषयी एक गंमत सांगायला हवी. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, बैल नाही. यशयाच्या ग्रंथारंभी आपल्या धन्याला ओळखणारा एक बैल आहे. तिथून तो परंपरेच्या वाटेने गोठ्यात आला आणि ज्याला कुणी बोलावले नव्हते तो आता तिथून हलायला तयार नाही.

तरुणांना बैल जिवंत बैलाच्या निम्मा तरी हवा होता. प्लास्टरचा तेवढा बैल केला, तर नाताळ सरल्यावर अकरा महिने तो ठेवायचा कुठे? आमच्या सॅक्रिस्टीतील कपाटात चादरी मावत नाहीत. तेव्हा मी खाचांची कल्पना पुढे मांडली. प्लायवूडच्या सपाट तुकड्यांचा बैल करावा, नाताळात तो जोडावा आणि तीन राजांचा सण झाला की उलगडून कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवावा.

ही काही नवी कला नाही. एन्झो मारी या इटालियन रचनाकाराने १९५७ साली एकाच जाड फळीतून सोळा प्राणी असे कापले, की ते पुन्हा एकमेकांत बसवून चौकोनी फळी व्हावी. फार देखणे काम, पण त्यातला प्रत्येक प्राणी फळीच्या जाडीवर उभा राहतो. त्याला खाचेची गरज नाही. आमच्या कामाच्या जवळचा माणूस म्हणजे इसामु नोगुची. जपानी पिता आणि अमेरिकन माता यांचा हा पुत्र. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कला इमारतींच्या दर्शनी भागावर बसवण्याच्या संगमरवरी फरश्या स्वस्तात मिळत. त्या पातळ दगडांतून त्याने माणसांच्या आकृती उभ्या केल्या. आधी आलेखाच्या कागदावर तुकडे काढायचे, मग कागदा-पुठ्ठ्याचा लहान नमुना करून तो उभा राहतो का ते पाहायचे आणि मगच दगडाला हात लावायचा, अशी त्याची रीत होती. त्याची ‘कूरोस’ ही आकृती सुमारे ३ मीटर उंच असून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. गुलाबी संगमरवराचे ते तुकडे केवळ खाचांनी एकमेकांना धरून आहेत. छायाचित्रात ती प्रथम पाहिली तेव्हा मला त्या दगडाच्या वजनाची भीतीच वाटली होती.

आमच्या तरुणांपैकी एकजण संगणकाचा जाणकार आहे. त्याने दुसऱ्याच दिवशी एक तयार बैल शोधून आणला. कुणा परदेशी रचनाकाराने तो संगणकावर घडवला होता. त्याचे तुकडे पाडण्याचे कामही संगणकच करणार होता. किती तुकडे हवेत तो आकडा सांगायचा, प्लायवूडची जाडी सांगायची आणि यंत्राला द्यायचा आराखडा पाच मिनिटांत हाती. मी खूष झालो. आराखडा छापून घेतला आणि संध्याकाळी आमच्या वाडीतल्या एका वृद्ध काकांना दाखवायला नेला.

काकांनी वयाची ऐंशी ओलांडली आहे. काचबिंदूने त्यांची दृष्टी कडांकडून मिटत आली आहे. समोरचे थोडेसे दिसते, तेही चांगल्या उजेडात. वाडीत बैलजोडी ठेवणारे ते शेवटचे. पावसाळ्यात भाताचा नांगर आणि एरवी केळीच्या घडांची गाडी, असे त्यांच्या जोडीचे काम असे. टेम्पो आले, भाताच्या खाचरांवर इमारती आल्या आणि जोडी गेली. त्यांनी कागद उजेडात धरून बराच वेळ डोळ्यांसमोर फिरवला आणि विचारले, “फादर, ह्याच्या मानेवर जू कुठं ठेवणार?”

मी पुन्हा पाहिले. त्या बैलाला वशिंड नव्हते. मानेपासून शेपटीपर्यंत पाठ सरळ, फळीसारखी. युरोपातला गोवंश बिनवशिंडाचा; आपला वशिंडाचा. आपल्याकडे जू वशिंडाच्या पुढे मानेवर टेकते आणि बैल पुढे रेटू लागला की वशिंड त्याला मागून अडवते. तिकडचे शेतकरी जुवाची बांधणी निराळी करतात. कागदावरचा तो बैल त्याच्या मुलखात खरा होता. मग मी सॅक्रिस्टीत जाऊन आमच्या जुन्या गोठ्यातला वीतभर बैल काढून पाहिला. तोही बिनवशिंडाचा! वर्षानुवर्षे शेतकऱ्यांच्या या गावाने त्याच्यासमोर गुडघे टेकले आणि वशिंड कुठे गेले, असे कुणी विचारले नाही.

त्या रात्री मी तरुणांना जमवले. अकराजण होते. यांपैकी बैलाच्या पाठीवरून कुणी हात फिरवला आहे, असे विचारले तेव्हा दोन हात वर झाले. बैल सर्वांनी पाहिला होता. पण रस्त्यावरून जाताना किंवा पडद्यावर. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या आजोबांना जे पोटासाठी ठाऊक असावे लागले, ते यांना ठाऊक असण्याचे कारणच उरलेले नाही. तयार आराखडा बाजूला ठेवायचा आणि बैल काकांकडून शिकून घ्यायचा, असे ठरले. संगणकाचा जाणकार थोडा हिरमुसला, पण त्याचीही पाळी पुढे येणार होती.

प्रथम शाडूचा बैल केला, खऱ्या मापाच्या दहाव्या हिश्शाने. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत तो वीतभर भरला. मुलांनी तो घडवायचा आणि काकांच्या मांडीवर द्यायचा; काका त्यावरून अंगठे फिरवायचे आणि बोलायचे. त्यांची बोटे भेगाळलेली आहेत, पण मातीवर ती फार हळू चालत. “पोट एवढं गोल नको. खाल्लेला बैल डावीकडं जास्त फुगतो.” हे आम्हांला कुणालाच माहीत नव्हते. जनावराचे मोठे जठर डाव्या अंगाला असते, हे मी नंतर पशुवैद्याकडून पक्के करून घेतले. “मागचा पाय सरळ काढलाय, हा बैल चालणार कसा?” आणि एकदा, “चारही पाय जुळवून बैल उभा राहतो तो फक्त चित्रात.” मग मुलांनी उजवा पुढचा पाय थोडा पुढे घेतला, डावा मागचा थोडा मागे. लगेच त्या मातीत काहीतरी झाले. काय झाले ते मला शब्दांत सांगता येत नाही; पण मुले गप्प झाली.

शिंगांवरून वाद झाला. मुलांना दिनदर्शिकेवरच्या खिल्लारासारखी, मागे वळून वर गेलेली लांब शिंगे हवी होती. खिल्लाराचे शिंग एकाच वेळी मागे, वर आणि आत वळते, आणि असला तिहेरी बाक सपाट तुकड्यात पकडता येत नाही. काकांनी तो वाद एका वाक्यात मिटवला. त्यांचे बैल डांगी होते. ठाणे-नाशिकच्या डोंगरातली ही जात पावसात टिकणारी. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे अंगावर पाणी ठरत नाही. तिची शिंगे आखूड, जाड आणि बाजूला निघणारी. अशी दोन्ही शिंगे एकाच सपाट तुकड्यात काढता येतात. डोक्यात खाच थोडी तिरपी पाडली की शिंगे किंचित मागे कलतात.

तेव्हाच एक गोष्ट ध्यानात आली आणि मला तिचे अजून कौतुक वाटते. आपल्या बैलाचे वशिंड आणि त्याच्या गळ्याखाली लोंबणारी पोळी ही दोन्ही अंगे शरीराच्या बरोबर मधल्या पातळीत येतात. म्हणजे बैलाला नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध चिरले, तर त्या एका सपाट छेदात कपाळ, वशिंड, पोळी आणि शेपटी अशा ओळखीच्या साऱ्या खुणा सापडतात. सपाट तुकड्यांत उतरण्यासाठी आपल्या वशिंडाच्या बैलाइतका सोयीचा प्राणी क्वचित असेल. हत्तीचे तसे नाही, त्याचे कान आडवे पसरतात. मेंढीचे तर मुळीच नाही, तिला कडच नसते.

शाडू थोडी वाळली, पण पुरती कडक झाली नव्हती, तेव्हा बैल कापायचा दिवस आला. मी मासेमारीचा नायलॉनचा धागा आणून ठेवला होता. बैलावर काडीने रेघा आखल्या होत्या. छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत (हा पुठ्ठा बैलाचा, कागदाचा नव्हे) पंधरा सेंटिमीटर अंतर. त्यात पंधरा रेघा. धागा दोन्ही हातांनी ताणून, वरून खाली एका दमात ओढायचा, साबणाची वडी कापावी तसा. एका मुलीने विचारले, “फादर, कापायचाच का? फोटो काढून नाही चालणार?” फोटोत बाहेरची रेघ मिळते, आतली रुंदी मिळत नाही, हे मी तिला समजावून सांगितले. ते बरोबरच होते; तरी पहिला काप द्यायला कुणी पुढे होईना. महिनाभर ज्याच्या पाठीवरून सर्वांचे हात फिरले होते, त्याला कापायचे होते. शेवटी काकांनीच धागा मागून घेतला आणि पहिली रेघ कुठे आहे ते अंगठ्याने चाचपून काप दिला. मग बाकीच्यांचा संकोच गेला.

प्रत्येक काप आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढली. हे आडवे छेद फार विलक्षण दिसत. छातीचा छेद निमुळत्या पेरूसारखा, पोटाचा आडव्या फणसासारखा आणि डावीकडे सुटलेला, कमरेचा जवळजवळ चौकोनी, कोपरे हाडांचे. त्यांतला अकरावा कागद कुणा अनोळखी माणसाला दाखवला असता तर त्याने तो पपईचा म्हटला असता. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला आम्हांला द्रव्य आणि रूप यांचा भेद शिकवत. अ‍ॅरिस्टॉटलचा तो विचार संत थॉमस अ‍ॅक्वायनसने उचलला होता आणि दुपारच्या उकाड्यात तो आमच्या डोळ्यांवर झापड आणी. रूप हे वस्तूच्या एखाद्या भागात नसते, सबंध वस्तूत असते, असे काहीसे आमचे प्राध्यापक सांगत. टेबलावर पंधरा कागद पसरले होते आणि त्यांतल्या एकाही कागदावर बैल नव्हता. आमच्या प्राध्यापकांना ते टेबल दाखवायला मिळाले असते तर बरे झाले असते.

आता संगणकाच्या जाणकाराची पाळी आली. त्याने कागदांची चित्रे संगणकात घेतली, आकार पाचपट केला आणि खाचा आखल्या. रचना अशी ठरली. नाकापासून शेपटीपर्यंत उभे तीन तुकडे: मधला डोके, वशिंड, पोळी आणि शेपटी यांचा, बिनपायांचा, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना एकेक, त्या त्या बाजूच्या पायांसह. डाव्या आणि उजव्या तुकड्यांतले पाय निराळ्या ठिकाणी काढले, म्हणून बैलाची चाल आपोआप साधली. या तीन तुकड्यांवर वरून पंधरा आडव्या बरगड्या. बरगडीची खाच खालून, उभ्या तुकड्याची वरून. साऱ्या खाचा एकाच दिशेने उघडणाऱ्या हव्यात, नाहीतर कागदावर बिनचूक असलेली आकृती प्रत्यक्षात जोडताच येत नाही. शेवटचा तुकडा आत शिरायला वाटच उरत नाही.

प्लायवूडला हात लावण्यापूर्वी खोक्यांच्या पुठ्ठ्यातून पूर्ण मापाचा नमुना कापला. किती बरगड्या पुरतील ते पाहण्यासाठी आधी नऊच घातल्या. प्लायवूड कमी लागले असते आणि दिसायलाही ते छान होते. पिकासोने १९४५ च्या डिसेंबरपासून १९४६ च्या जानेवारीपर्यंत एकाच बैलाची अकरा शिळाछापे काढली आहेत. पहिल्यात मांसल बैल, मग एकेक गोष्ट गाळत अखेरच्यात मोजक्या रेषा, आणि तरीही बैल. डोळा उदार असतो; फटी तो आपल्या पदरचे घालून भरून काढतो. नऊ बरगड्यांचा बैल पाहून सारे समाधानी होते.

काकांना आणले. त्यांनी वशिंडावर हात ठेवला, तिथून पाठीवर घेतला, आणि हात फटीत गेला. बरगड्यांमधले अंतर सुमारे साडेनऊ सेंटिमीटर होते, तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त. त्यांनी हात काढून दुसरीकडे ठेवला. तो पुन्हा आत गेला. “हाडकुळा झालाय,” ते म्हणाले. त्यांना बरे वाटावे म्हणून मुलांतले कुणी काही बोलले नाही, हे मला आवडले. आम्ही ज्याला जागा सोडणे म्हणत होतो, ते त्या हाताला भूक वाटले होते. सर्व पंधरा बरगड्या घातल्या तेव्हा अंतर साडेपाच सेंटिमीटरच्या आत आले. आता हात मानेकडून कमरेकडे नेला की तळवा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पोचतो, मध्ये पडत नाही. खर्च वाढला. तो कसा भागवायचा हे धर्मग्राम समितीत बोलण्याआधीच मी पंधराचा आकडा पक्का करून टाकला.

कापण्याचे काम आमच्यापासून जवळच्या औद्योगिक वसाहतीत झाले. तिथे एका गाळ्यात लग्नपत्रिकांची नक्षी आणि फाटकांच्या जाळ्या कापतात. त्या यंत्राविषयी मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगितली. पहिला लेझर १९६० साली थिओडोर मैमन यांनी अमेरिकेत माणकाच्या कांडीतून निर्माण केला. पण लाकडावर चालणारा लेझर आहे तो कार्बन डायऑक्साइड वायूचा. तो अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत शोधून काढणारे कुमार पटेल १९३८ साली बारामतीला जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवीधर झाले. १९६४ साली त्यांचा हा शोध प्रसिद्ध झाला. त्या लेझरचा किरण डोळ्याला दिसत नाही. लाकूड मात्र तो चटकन शोषून घेते आणि जळून त्याला वाट देते. भिंगाने तो किरण केसाएवढ्या बिंदूवर आणतात आणि कागदावरची रेघ जशीच्या तशी लाकडातून आरपार जाते.

जशीच्या तशी म्हटले, पण एक फरक राहतो. किरण आपली वाट जाळून काढतो, तेव्हा तेवढे लाकूड नाहीसे होते. सहा मिलिमीटरच्या प्लायवूडमध्ये साधारण ०.२ मिलिमीटर. खाच त्यामुळे आखल्याहून रुंद निघते. त्यात ६ मिलिमीटर म्हणून विकत घेतलेले प्लायवूड मोजले तर एका कोपऱ्यात ५.६ आणि दुसऱ्या कोपऱ्यात ५.८. खाच किंचित सैल झाली की बैल डुलतो, किंचित घट्ट झाली की जोडताना बरगडी मोडते. गाळ्यातल्या कारागिराने यावर चांगला उपाय सांगितला. आधी एका पट्टीवर फणीसारख्या आठ-दहा खाचा कापायच्या, प्रत्येक खाच आधीच्या खाचेहून ०.१ मिलिमीटर रुंद, आणि त्याच प्लायवूडचा तुकडा प्रत्येकीत घालून पाहायचा. अंगठ्याच्या दाबाने आत जाईल आणि उलटे धरले तर पडणार नाही, ती खाच खरी. आमच्या खारट, दमट हवेत प्लायवूड पावसाळ्यात फुगते म्हणून ही परीक्षा आम्ही ऑक्टोबरच्या उन्हात घेतली. गाळ्यात जळक्या लाकडाचा वास कोंडलेला होता. पत्र्यावरून डोके सरकत होते आणि त्याच्यामागे बारीक ज्योत धावत होती. सर्वांत मोठा मधला तुकडा यंत्राच्या पाटावर जेमतेम मावला. बैल निम्म्या मापाचा झाला तो त्या पाटामुळेच.

पायांपुरता आम्ही गोंद मान्य केला. ६ मिलिमीटरचा पाय समोरून पाहिला तर काडी दिसे, आणि काडीवर बैलाचे वजन पाहणे डोळ्याला सोसत नाही. म्हणून प्रत्येक पायाला दोन्ही बाजूंनी तसाच एकेक तुकडा चिकटवला. आठ तुकडे ते. तीन उभे, पंधरा बरगड्या, शिंगांचा एक, कानांचा एक. सारे मिळून अठ्ठावीस.

जोडायला वीस मिनिटे लागतात. शेवटी शिंगे. जोडून झाल्यावर त्याच्याभोवती चालत फिरावे. अगदी बाजूने पाहिले तर बरगड्या बारीक रेघा होतात आणि फक्त मधल्या तुकड्याची कडक आकृती उरते. अगदी समोरून पाहिले तर ती आकृती नाहीशी होऊन एका रेघेवर शिंगे आणि कान तरंगतात. या दोहोंच्या मध्ये, तिरपे उभे राहिले की पोट भरते, खांदा पुढे येतो आणि दोन पावले सरकलो तर आतल्या फटी उघडतात-मिटतात, जणू तो श्वास घेतो आहे. गोठ्याच्या मागे मुलांनी दिवा ठेवला होता. बरगड्यांच्या सावल्या भिंतीवर पडत आणि मिस्साला आलेली लहान मुले त्या मोजत बसत.

काका मध्यरात्रीच्या मिस्साला आले नाहीत, त्यांना रात्री आणणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा नातू त्यांना घेऊन आला. तेव्हा चर्चमध्ये कुणी नव्हते. त्यांनी चपला काढल्या, गोठ्याच्या कुंपणावरून आत वाकले आणि तळवा मानेवर ठेवून वशिंडापर्यंत नेला. तिथे तो थांबला. मग पाठीवरून डाव्या पोटावर उतरला आणि पुन्हा वशिंडाच्या पुढच्या खोबणीत येऊन बसला. नातवाला त्यांनी जवळ ओढले, त्याचा हात आपल्या हाताखाली धरून त्याच जागेवर टेकवला आणि हळू आवाजात त्याला काही सांगितले. मी मागच्या बाकावर होतो, मला ऐकू आले नाही.

पुढे जानेवारीत बैल उलगडला, तुकड्यांवर क्रमांक घातले आणि तो कपाटामागे गेला. त्यानंतरच्या वर्षी तो पुन्हा उभा राहिला तेव्हा काकांनी निरोप पाठवला, की एकट्या बैलाचे काय करता, जोडी हवी. दुसरा बैल पहिल्याची नक्कल नको. त्यांचा दुसरा बैल डोके खाली घालून चालायचा आणि त्याचे डावे शिंग टोकाशी तुटलेले होते. आता त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे, पण अंगठ्यांना त्याचे फारसे सोयरसुतक नाही. या पावसाळ्यात मुलांनी शाडू भिजवली आहे. डोके खाली घालायचे तर मधल्या तुकड्यातली मान लांबते, वजन पुढे जाते आणि पुढचे पाय कुठे ठेवायचे ते नव्याने मांडावे लागते. संगणकाचा जाणकार त्यावर दोन रविवार बसून आहे. काका म्हणतात, पाय आणखी वीतभर पुढे घ्या.